नव्या आवृत्त्यांवर कमांड लाइनवरून नजर ठेवायची आहे: एनव्हीचेकर बसवावं की साधी स्क्रिप्ट पुरेल?

राजापूर_वाचनालय

नमस्कार मंडळी. एका सार्वजनिक वाचनालयाची आणि त्याला जोडून असलेल्या नकाशा-कक्षाची यंत्रणा सांभाळतो. पुस्तकांसाठी कोहा आहे, डेबियनवर. नकाशांसाठी पोस्टग्रेस आणि आठ विंडोज संगणकांवर क्यूजीआयएस. बागायतदार आणि शाळेची मुलं रोज वापरतात. शिवाय सगळीकडे लिब्रेऑफिस, बॅकअपला रेस्टिक आणि फाइल जुळवायला सिंकथिंग.

यातल्या प्रत्येकाची नवी आवृत्ती आली की कळावं एवढंच हवं आहे. आपोआप बसवायचं नाही. मेल यावा, मग काय करायचं ते माणूस ठरवेल. बाहेरच्या वेब-सेवेत खातं उघडायचं नाही. एक रास्पबेरी पाय ४ रिकामा आहे, त्यावरच चालावं.

एनव्हीचेकर (नव्या आवृत्त्या तपासणारं कमांड लाइनवरचं हत्यार) बसवून पाहिलं आहे. अडचणी अशा:

क्यूजीआयएसपुढे आवृत्तीऐवजी तारखेसारखा लांबलचक आकडा येतो. पोस्टग्रेसला ‘लेटेस्ट रिलीज’ लावलं तर ४०४ (सापडलं नाही) येतो. लिब्रेऑफिस टॅगवरून (कोडच्या ठराविक टप्प्याला दिलेल्या खुणेवरून) पाहिलं तर अधिकृत घोषणेच्या बरंच आधी ‘नवी आली’ म्हणून सांगतं. संध्याकाळी चालवलं की गिटहबच्या (कोड ठेवण्याची साइट) नोंदींना ४०३ (विनंती नाकारली), सकाळी तेच नीट चालतं. आणि जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे क्रॉनची (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीची) ठरलेली वेळ अनेकदा चुकते.

एनव्हीचेकरच ठेवावं, की गिटवर आधारलेली दहा ओळींची स्क्रिप्ट लिहावी?

---

कातळसडा

एनव्हीचेकर ठेवा. तुमच्या पहिल्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. ‘नवी आवृत्ती’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक प्रकल्प आपापल्या पद्धतीने जाहीर करतो आणि ते हत्याराला आपण सांगावं लागतं. स्क्रिप्ट लिहिलीत तरी हे काम टळणार नाही, उलट सगळे अपवाद स्वतः हाताळावे लागतील.

(खालची नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत, आणि पर्यायांच्या नावांत शब्दांमध्ये अंडरस्कोअर.)

आधी मांडणी बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एनव्हीचेकर दोन फाइली सांभाळतं. ‘ओल्डव्हर’ म्हणजे तुमच्याकडे काय बसवलेलं आहे, आणि ‘न्यूव्हर’ म्हणजे जगात काय आलेलं आहे. एनव्हीचेकर ही कमांड फक्त न्यूव्हर भरते. एनव्हीसीएमपी दोन्हींतला फरक दाखवते. एनव्हीटेक ‘हे मी बसवलं’ अशी नोंद ओल्डव्हरमध्ये करते. दोन्ही फाइलींचे पत्ते कॉन्फिगच्या डोक्यावर ‘कॉन्फिग’ नावाच्या विभागात द्यायचे. त्या नावाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर असतात. पत्ता सापेक्ष दिला तर तो कॉन्फिग फाइलच्या जागेवरून धरला जातो, त्यामुळे क्रॉन कुठल्या फोल्डरमधून चालतो याने काही बिघडत नाही.

पहिल्यांदा एनव्हीटेकला ‘ऑल’ देऊन मोकळं होऊ नका. तसं केलं की जगातली सगळ्यात नवी आवृत्ती तुमच्याकडे बसवलेली आहे अशी नोंद होते आणि मागे राहिलेले संगणक कायमचे मागे राहतात. प्रत्येक संगणकावरची खरी आवृत्ती पाहा आणि ‘नाव=आवृत्ती’ अशा रूपात एनव्हीटेकला द्या. आठांपैकी एकावर जुनी असेल तर ती जुनीच लिहा.

आता एकेक नोंद.

क्यूजीआयएस: ‘गिटहब’ हा स्रोत कुठलाही पर्याय न देता वापरला तर तो शेवटच्या कमिटची (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाची) तारीख आणि वेळ आवृत्ती म्हणून देतो. वर्ष, महिना, दिवस, मग टिंब आणि तास-मिनिटं-सेकंद. तुमचा लांबलचक आकडा तोच. ‘यूज मॅक्स टॅग’ खरं करा. पण एवढ्यावर भागणार नाही, कारण तुम्हाला वर्गात दीर्घ मुदतीची शाखाच हवी असणार. क्यूजीआयएसचे टॅग ‘फायनल-३_४०_२’ अशा घाटाचे असतात. म्हणून ‘इन्क्लूड रेगेक्स’मध्ये (रेगेक्स म्हणजे मजकुराचा घाट सांगणारा नमुना) द्या: फायनल, डॅश, ३, अंडरस्कोअर, ४०, अंडरस्कोअर, आणि पुढे एक किंवा अधिक अंक. मग ‘फ्रॉम पॅटर्न’मध्ये तिन्ही अंक कंसांत पकडा आणि ‘टू पॅटर्न’मध्ये पहिला-टिंब-दुसरा-टिंब-तिसरा असे मांडा. मेलमध्ये स्वच्छ ३.४०.२ दिसेल.

इथे बरेच जण अडकतात. इन्क्लूड रेगेक्सला संपूर्ण टॅग जुळावा लागतो, तुकडा जुळून चालत नाही. नुसतं ‘३_४०’ लिहिलंत तर एकही टॅग जुळणार नाही. आणि ही गाळणी मूळ टॅगवर चालते, ‘प्रीफिक्स’ने ‘व्ही’ काढून टाकण्याच्या आधी. टॅगला व्ही असेल तर रेगेक्समध्येही व्ही हवा.

पोस्टग्रेस: गिटहबवर त्यांचा रेपो (कोडचं भांडार) ही आरसा-प्रत आहे. टॅग आहेत, पण गिटहबच्या अर्थाने ‘रिलीज’ नाहीत, म्हणून ४०४. लिनक्स कर्नल आणि खुद्द गिट यांचंही तसंच. मॅक्स टॅग वापरा. टॅगचा घाट ‘आरईएल_१६_४’. तुम्ही १६वर असाल तर इन्क्लूड रेगेक्स ‘आरईएल_१६_’ आणि पुढे अंक. पूर्ण टॅग जुळण्याच्या नियमामुळे बीटा आणि आरसी (अंतिम आवृत्तीआधीचे उमेदवार) आपोआप गळतात. शाखा बांधली नाहीत तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवी मोठी आवृत्ती आली की १६मधल्या दुरुस्त्या तिच्यामागे झाकल्या जातील. १७ किंवा १८वर जाणं म्हणजे पीजी-अपग्रेडचं वेगळं काम. त्यासाठी हवी तर दुसरी नोंद ठेवा.

लिब्रेऑफिस: इथे टॅगचा नाद सोडा. त्यांचा टॅग चार अंकांचा असतो, आणि चौथा अंक म्हणजे त्या आवृत्तीचा कितवा उमेदवार-बिल्ड. शेवटचा उमेदवार ठीक निघाला की तोच अंतिम म्हणून जाहीर होतो, वेगळा टॅग पडत नाही. म्हणजे २४.२.०.३ हा टॅग दिसला त्या दिवशी तो अंतिम ठरणार की नाही हे टॅगवरून कळायला मार्गच नाही. रेगेक्स कितीही हुशारीने लिहा, उपयोग नाही. त्याऐवजी ‘रेगेक्स’ हा स्रोत घ्या आणि डॉक्युमेंट फाउंडेशनच्या डाउनलोड सर्व्हरवरचं ‘लिब्रेऑफिस’मधलं ‘स्टेबल’ फोल्डर वाचायला लावा. तिथे जाहीर झालेल्या आवृत्त्यांचीच फोल्डरं असतात, तीन अंकांची. दोन अंक, टिंब, अंक, टिंब, अंक आणि शेवटी तिरकी रेघ असा नमुना द्या, आणि तिरकी रेघ सोडून बाकीचं कंसात. अनेक सापडल्या तर सगळ्यात मोठी घेतली जाते. २०२४च्या जानेवारीअखेर त्यांनी वर्ष-महिना क्रमांक सुरू केले. ७.६नंतर थेट २४.२ आली, त्यामुळे तुलना सरळ लागते.

रेस्टिकला ‘यूज लेटेस्ट रिलीज’ आणि प्रीफिक्स ‘व्ही’, झालं. सिंकथिंगलाही तेच चालतं, कारण गिटहबचं ‘लेटेस्ट’ पूर्वप्रकाशनं मोजत नाही. सिंकथिंगला मात्र मॅक्स टॅग लावू नका, त्यांचे आरसी टॅग मध्ये येतील.

---

हर्णै_बंदर

कातळसडांनी नोंदी नेमक्या सांगितल्या. मी स्क्रिप्टच्या बाजूने थोडं लिहितो, कारण एखादा प्रकल्प पहिल्यांदा तपासताना ती कमांड हाताशी लागतेच.

गिट एलएस-रिमोट --टॅग्ज --रेफ्स --सॉर्ट=-व्ही:रेफनेम, आणि पुढे रेपोचा पत्ता. क्लोन करावं लागत नाही, फक्त टॅगांची यादी येते, म्हणून डोंगरातल्या मंद जोडणीवरही चटकन होतं. ‘रेफ्स’ गाळलंत तर टिपण जोडलेला (ॲनोटेटेड) प्रत्येक टॅग दोनदा दिसतो, दुसऱ्यांदा शेवटी टोपी आणि महिरपी कंस लागून. सॉर्टमधलं व्ही नसेल तर ३.९ ही ३.१०च्या वर बसते, कारण अक्षरांच्या क्रमाने ९ मोठा.

याच क्रमवारीत एक खाच आहे. व्ही लावूनही गिट ‘१.२७.०-आरसी.१’ला ‘१.२७.०’पेक्षा मोठं मानतं. कमांडमध्येच ‘-सी व्हर्जनसॉर्ट.सफिक्स=-’ दिलं की डॅशनंतरचं सगळं अंतिम आवृत्तीच्या आधीचं धरलं जातं. शेलमधल्या ‘सॉर्ट -व्ही’ला ही सोय नाही. तिथे आरसी आधीच ग्रेपने काढून टाकावे लागतात.

आणि ही यादी एकदा डोळ्यांखालून घाला, मगच रेगेक्स लिहा. जुन्या प्रकल्पांत कधीकाळी तारखेचे टॅग पडलेले असतात, ‘२०१००३१५’ यासारखे. मॅक्स टॅग तो आकडा उचलतो, आणि मग खरी आवृत्ती कितीही पुढे गेली तरी तो विक्रम मोडत नाही. वर्षानुवर्षं ‘काही नवीन नाही’. ‘एक्स्क्लूड रेगेक्स’ने असे टॅग काढा, किंवा इन्क्लूडने घाट बांधून द्या. मला दुसरं जास्त भरवशाचं वाटतं.

४०३बद्दल: गिटहबची एपीआय (प्रोग्रामांनी माहिती मागायची वाट) टोकनशिवाय (ओळख पटवणाऱ्या किल्लीशिवाय) एका आयपी पत्त्याला तासाला ६० विनंत्या देते. तुमच्या नोंदी पाच-सहा, मग ६० कशा संपतात? तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही. मोबाइल डेटावर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवरही शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. संध्याकाळी सगळे जागेवर येतात आणि कोटा दुसऱ्याच कुणीतरी संपवलेला असतो. उत्तराच्या हेडरमध्ये ‘रेटलिमिट-रिमेनिंग’ शून्य दिसेल.

यावर माझा उपाय: मॅक्स टॅगवाल्या नोंदींना ‘गिटहब’ऐवजी ‘गिट’ हा स्रोत द्या. एनव्हीचेकर मग आतून एलएस-रिमोटच चालवतं. एपीआयला हातच लागत नाही, म्हणजे टोकनही नको. इन्क्लूड रेगेक्स वगैरे सगळं तसंच चालतं. फक्त पायवर गिट बसवलेलं असावं.

---

कातळसडा

क्यूजीआयएस आणि पोस्टग्रेससाठी सहमत, गिट स्रोतच बरा. पण रेस्टिक आणि सिंकथिंगला लेटेस्ट रिलीजच हवं. टॅग पडणं आणि बांधलेल्या फाइली रिलीजला चढणं यात वेळ जातो. टॅग पाहून डाउनलोड करायला गेलात तर तिथे कधी कधी काहीच नसतं. त्या दोघांसाठी टोकन घ्या.

टोकन करताना बारीक परवानग्यांचा प्रकार निवडा आणि एकही परवानगी देऊ नका. सार्वजनिक रेपो वाचायला काहीच लागत नाही, आणि मर्यादा ६०वरून ५,००० होते, तीही आयपीवर नव्हे तर तुमच्या खात्यावर. ते वेगळ्या ‘कीफाइल’मध्ये ‘कीज’ विभागात ‘गिटहब’ म्हणून लिहा, फाइलला ६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या, आणि कॉन्फिगची प्रत कुणाला पाठवाल तेव्हा ही फाइल सोबत जाऊ देऊ नका.

मुदत कॅलेंडरमध्ये टाका. मुदत संपलेलं टोकन पाठवलं तर गिटहब ४०१ देतं. टोकन न पाठवता जे मिळालं असतं तेही मिळत नाही.

---

सावंतवाडी_सर्व्हर

विजेचं आणि वेळेचं मी सांगतो.

क्रॉन सोडा, सिस्टिमडीचा (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) टायमर लावा. ‘ऑनकॅलेंडर’मध्ये सकाळी साडेसहा, आणि ‘पर्सिस्टंट=ट्रू’. पाय बंद असताना वेळ टळून गेली तर चालू झाल्यावर टायमर लगेच एकदा चालतो. क्रॉनमध्ये ती खेप वायाच जाते. ‘रँडमाइज्डडिलेसेक’ पंधरा मिनिटं द्या, म्हणजे वीज आल्या आल्या राउटर उठायच्या आत धाव सुरू होण्याची शक्यता कमी होते.

घड्याळाकडे लक्ष द्या. पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. चालू होताना तो शेवटची साठवलेली वेळ धरतो आणि नेट मिळाल्यावर खरी वेळ लावतो. तासभर वीज गेली तर फरक पडत नाही. पण निसर्ग वादळानंतर, जून २०२०मध्ये, श्रीवर्धन ते दापोली पट्ट्यात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा खंडानंतर पायचं घड्याळ तितकंच मागे असतं. मधल्या काळात एखाद्या साइटने प्रमाणपत्र बदललं असेल तर ‘अजून वैध झालेलं नाही’ म्हणून जोडणी नाकारली जाते. चूक प्रमाणपत्राची दिसते, असते घड्याळाची.

उपाय एका ओळीचा आहे: ‘सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक’ ही सेवा सक्षम करा. ऑनकॅलेंडर असलेले टायमर ‘टाइम-सिंक’ टार्गेटची वाट आपसूक पाहतात, पण ही सेवा चालू नसेल तर ते टार्गेट खरी वेळ लागायच्या आधीच गाठलं जातं. सेवेच्या फाइलमध्ये ‘नेटवर्क-ऑनलाइन’ टार्गेटचं ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही लिहा.

हे सगळं सिस्टिमच्या युनिटमध्ये, ‘यूजर=’ देऊन करा. वापरकर्त्याच्या खासगी युनिटमधून सिस्टिमच्या टार्गेटवर अवलंबून राहता येत नाही. तिथे ‘आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन’ लिहिलं तर परिणाम शून्य.

बसवतानाचं: डेबियन १२वर पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडने) थेट बसवायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार मिळतो. पिपएक्स वापरा. पायकर्ल (एनव्हीचेकरला लागणारं पायथन पॅकेज) बांधताना ‘कर्ल-कॉन्फिग सापडलं नाही’ असं आलं तर कर्ल आणि ओपनएसएसएल यांची डेव्ह पॅकेजेस घाला आणि परत करा. पिपएक्स प्रोग्राम घरातल्या ‘.लोकल/बिन’मध्ये ठेवतं आणि सेवेच्या पाथमध्ये ती जागा नसते. म्हणून ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये पूर्ण पत्ता द्या, आणि स्क्रिप्टच्या आत एनव्हीसीएमपी बोलावता तिथेही.

पाय खिडकीपाशी ठेवू नका. खारी हवा कार्डाच्या पट्ट्यांवर हिरवट थर आणते आणि मग लोक सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात.

---

राजापूर_वाचनालय

देव बरें करो! क्यूजीआयएस, पोस्टग्रेस, लिब्रेऑफिस तिन्ही नीट आले, टायमरही लावला. दोन गोष्टी उरल्या. एक, एनव्हीसीएमपीचा निकाल रोज मेल केला तर तोच मजकूर रोज येतो, जोवर आम्ही बसवत नाही तोवर. मेल पाठवल्यावर स्क्रिप्टमधून एनव्हीटेक चालवावं का? दोन, कोहाला कुठला स्रोत द्यावा? आमच्याकडे ते त्यांच्या डेबियन रेपोतून आहे.

---

गुहागर_तरी

स्क्रिप्टमधून एनव्हीटेक अजिबात नको. ओल्डव्हर म्हणजे ‘काय बसवलं आहे’ याची नोंद. मेल गेला म्हणजे बसवलं असं होत नाही. मेल कुणी वाचला नाही तर ती आवृत्ती कायमची नजरेआड होईल, आणि कुठल्या संगणकावर काय आहे हे सांगणारी एकमेव जागाही खोटी पडेल. एनव्हीटेक माणसाने चालवावं, आठही संगणक झाल्यावर.

रोजचा तोच मेल टाळायला स्क्रिप्ट अशी लिहा: एनव्हीसीएमपीचा निकाल ‘आज’ नावाच्या फाइलमध्ये घ्या. मागच्या वेळच्या ‘काल’ फाइलशी सीएमपीने ताडून पाहा. सारखी असेल तर गप्प बसा. वेगळी असेल तर मेल पाठवा, आणि मेल पाठवणारी कमांड यशस्वी झाली तरच ‘आज’ला ‘काल’ करा. हा क्रम महत्त्वाचा. आधी नाव बदललं आणि नेट नसल्यामुळे मेल गेलाच नाही, तर ती बातमी हरवते. या क्रमाने केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न होतो. पाठवायला एमएसएमटीपी हा मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम पुरतो. जीमेलचं खातं असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही.

याहून गंभीर एक गोष्ट कुणी अजून लिहिली नाही म्हणून लिहितो. एनव्हीसीएमपी फक्त दोन फाइली ताडतं. क्यूजीआयएसची तपासणी सहा महिने फसत असेल तर न्यूव्हरमध्ये नवा आकडा येतच नाही आणि निकालात काही दिसत नाही. ‘नवीन काही नाही’ आणि ‘पाहताच आलं नाही’ ही दोन उत्तरं बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून एनव्हीचेकरला ‘--फेल्युअर्स’ द्या. एक जरी नोंद फसली तरी ते ३ या संकेतासह बाहेर पडतं. स्क्रिप्टमध्ये तो संकेत पाहून लॉग मेल करा. रेपो दुसरीकडे हलला, पानाची रचना बदलली, टोकन संपलं, हे सगळं यातून कळतं. लिब्रेऑफिसची नोंद पानावरच्या नमुन्यावर उभी आहे, तिला याची सगळ्यात जास्त गरज.

कोहासाठी ‘एपीटी’ स्रोत. ‘पीकेजी’मध्ये कोहा-कॉमन, ‘मिरर’मध्ये त्यांच्या रेपोचा पत्ता, आणि ‘स्वीट’मध्ये तुमच्या सोर्स यादीत आहे तेच. सोर्स यादीत ‘स्टेबल’ लिहिलंय की क्रमांक, ते आजच बघा. कोहाची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये, म्हणून २४.०५, २४.११ असे क्रमांक. ‘स्टेबल’ हे नाव काही महिन्यांनी पुढच्या मोठ्या आवृत्तीवर सरकतं. त्या दिवशी कुणी सहज एपीटी अपग्रेड मारलं तर डेटाबेसची रचना बदलते, आणि देवघेवीच्या वेळेत वाचनालय अडकतं. यादीत क्रमांक लिहा. एनव्हीचेकरमध्ये दोन नोंदी ठेवा: एक तुमच्या क्रमांकाची, दुरुस्त्यांसाठी, आणि दुसरी ‘स्टेबल’ची, पुढची मोठी उडी कधी आली हे कळायला.

आणि मेल आला म्हणजे त्याच दिवशी बसवायचं असं नाही. एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) प्रकरण बघा. ५.६.० ही आवृत्ती २४ फेब्रुवारी २०२४ला आली, मागोमाग ५.६.१, आणि त्यात मुद्दाम घातलेलं मागचं दार अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्चला उघड केलं. जवळजवळ पाच आठवडे. बांधणीची ती घातक फाइल प्रकाशित टारबॉलमध्ये (उतरवून घ्यायच्या कोडच्या गठ्ठ्यात) होती, गिटमधल्या कोडमध्ये नव्हती. डेबियन स्टेबलमध्ये ती आवृत्ती पोचलीच नव्हती, म्हणून स्टेबलवाले वाचले. माझं मत: क्यूजीआयएस, लिब्रेऑफिस, सिंकथिंग यांना दोन आठवडे मुरू द्या. पोस्टग्रेसच्या दुरुस्त्या मात्र सुरक्षेच्या असतील तर थांबू नका. त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात, आधीच वेळ काढून ठेवता येतो.

---

हर्णै_बंदर

क्यूजीआयएसच्या विंडोज फाइलबद्दल एवढंच. ती एक जीबीच्या वर असते. आठ संगणकांवर आठदा उतरवू नका. रात्री एकदाच उतरवा, सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, आणि आधी तिची तपासणी-बेरीज (चेकसम) जाहीर केलेल्या बेरजेशी ताडून पाहा. विंडोजवर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, फाइलचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’. जुळली तरच पुढे. नेट मध्येच तुटून अर्धवट उतरलेली फाइलही यातच सापडते.

---

राजापूर_वाचनालय

‘--फेल्युअर्स’ लावल्यावर लगेच एक सापडलं. रेस्टिकच्या नोंदीत रेपोच्या नावात अक्षर चुकलं होतं आणि निकालात ती ओळ कधी आलीच नव्हती. कोहाच्या यादीत ‘स्टेबल’च लिहिलेलं होतं, तिथे आता क्रमांक घातला. एक शेवटचं: एनव्हीचेकर फक्त एका नोंदीपुरतं चालवता येतं का? रेगेक्स बदलला की प्रत्येक वेळी सगळं चालवावं लागतं.

---

कातळसडा

येतं. ‘-सी’ने कॉन्फिग आणि ‘-ई’ने नोंदीचं नाव द्या, तेवढीच तपासली जाईल. सोबत ‘-एल डीबग’ दिलं तर आत काय चाललं आहे तेही दिसतं. रेगेक्स बदलल्यानंतर न्यूव्हर फाइल उघडून एकदा डोळ्यांनी बघा. ‘फ्रॉम पॅटर्न’ जुळला नाही तर एनव्हीचेकर चूक दाखवत नाही, टॅग जसाच्या तसा पुढे टाकतं. क्यूजीआयएसपुढे ३.४०.२ऐवजी ‘फायनल-३_४०_२’ दिसलं तर तेच झालेलं असतं.